तिच्याच घराचं दार

पुस्तक त्या दिवशी संध्याकाळी छपाईला जायचं होतं. सकाळी साडेदहाला शेवटची प्रुफं टेबलावर आली, तेव्हा एका बाजूला वसईहून आलेले सर बसले होते आणि समोर नगरच्या बाई. दोघं निवृत्त शिक्षक, दोघं मराठी ख्रिस्ती. सर कॅथलिक, बाई प्रॉटेस्टंट. बाईंचे यजमान पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. एकमेकांची ओळख त्याच सकाळी, चहाबरोबर झालेली. पुस्तकाची संपादक म्हणून पंधरा दिवस आधी मी दोघांना प्रुफांचा एकेक संच पाठवला होता. ख्रिस्ती शब्द कुठे चुकलेत तेवढं बघा, एवढीच विनंती. तासाभराचं काम असं मी धरून चालले होते.

कादंबरी सोळाव्या शतकातल्या इंग्लंडची. लेखिका नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं यॉर्कला राहिली, तिथे हा विषय तिच्या मनात शिरला. एकाच घरातल्या पिढ्यांची गोष्ट आहे. आजोबा प्रॉटेस्टंट, 1556 साली लंडनच्या स्मिथफील्डमध्ये त्यांना जिवंत जाळतात, कारण गादीवर राणी मेरी आहे आणि देश पुन्हा कॅथलिक झाला आहे. तीस वर्षांनी त्यांचीच नात यॉर्कमध्ये कॅथलिक होते आणि एका धर्मगुरूला माळ्यावर लपवते. आता गादीवर प्रॉटेस्टंट राणी एलिझाबेथ आहे आणि त्याच देशात हा देहदंडाचा गुन्हा आहे. घराणं काल्पनिक आहे. नातीची शेजारीण मार्गारेट क्लिदरो मात्र इतिहासातली, शॅम्बल्स या खाटकांच्या गल्लीत राहणाऱ्या एका खाटकाची बायको.

सरांनी वही उघडली. "एकच शंका आहे. तुमच्या पुस्तकात ही माणसं सारखी प्रार्थना करतात."

"हो."

"आणि प्रार्थना केली म्हणून शिपाई त्यांना धरून नेतात. एलिझाबेथ राणी स्वतः प्रार्थना करत नव्हती का?"

मला उत्तर सुचेना, कारण तो शब्द माझा होता. लेखिकेच्या पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'मिस्सा' होतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करायची कॅथलिक उपासना. मराठी वाचक अडखळेल, म्हणून मीच दीडशेएक ठिकाणी 'प्रार्थना' करायला लावलं. आणि कायदा तर नेमका मिस्साविरुद्ध होता. 1581 च्या कायद्याने मिस्सा अर्पण करणाऱ्याला 200 मार्क (पैशाचं तेव्हाचं एक माप) दंड आणि वर्षभर कैद, नुसती ऐकणाऱ्याला 100 मार्क आणि तेवढीच कैद. राणीच्या चर्चमध्ये उपासनेला गेलं नाही तर महिन्याला 20 पौंड. हे आकडे कादंबरीत होते, मी स्वतः ते तपासले होते. पण ज्या एका शब्दावर ते उभे होते तोच मी काढून टाकला होता. उरलं काय, तर काही माणसं प्रार्थना करतात आणि दुसरी काही माणसं त्यांना उगीच मारतात.

"आमच्या आजोबांचंही तेच झालंय," बाई म्हणाल्या. 'आमचे आजोबा' म्हणजे कादंबरीतले. त्या पहिल्यापासून त्यांचा उल्लेख तसाच करत होत्या. "बिशप विचारतो, तू प्रार्थनेला का येत नाहीस? असं नव्हतं हो ते. विचारायचे भाकरीबद्दल. धर्मगुरूने शब्द उच्चारल्यावर ती भाकर राहते की प्रभूचं शरीर होते? भाकरच राहते म्हणालात की संपलं. मेरीच्या राज्यात, चार वर्षांच्या आत, तीनशेच्या जवळपास माणसं जाळली. पुष्कळांना हाच प्रश्न विचारला होता."

तो संवाद मुळात होता. लेखिकेने दोन पानं लिहिली होती, मीच कापली होती. चर्चा लांबते, गोष्ट पुढे जात नाही, असा शेरा मारून. जुनी फाइल शोधली आणि ती दोन पानं मोठ्याने वाचली. बिशप तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी तेच विचारतो, कारण त्यालाही या म्हाताऱ्याला वाचवायचं आहे. शेवटी आजोबा म्हणतात, "महाराज, मी भटारी आहे. तीस वर्षं मी ती भाजतोय." वाचून झालं आणि खोलीत कुणी बोललं नाही. हे मी कापलं होतं! लेखिकेला फोन लावला, ती पानं परत घेऊ का म्हणून विचारलं. ती नुसतं "घ्या" म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला.

नंतर खरी खडाजंगी झाली. बाईंनी पान 88 काढलं. तिथे निवेदनात, कुणाच्या तोंडी नाही, 'त्या दिवशी चार पाखंडी जाळले' असं वाक्य होतं. बिशप म्हणेल पाखंडी, बाईंचं म्हणणं, पण पुस्तक का म्हणतंय? सरांनी लगेच पान 231 दाखवलं. तिथे कॅथलिकांना निवेदनातच 'राजद्रोही' म्हटलं होतं.

"पण कायद्याने तसंच होतं ना सर?" बाई म्हणाल्या. "1570 मध्ये पोपनीच फर्मान काढलं, ही राणी नव्हे, प्रजेने हिची आज्ञा पाळू नये म्हणून. मग राणीने काय करायचं?"

सर थोडा वेळ गप्प राहिले. "खरं आहे. फर्मान रोममध्ये निघालं, आणि ते फेडलं यॉर्कमधल्या खाटकाच्या बायकोने."

मेरीने जाळलं ते पाखंडाच्या आरोपाखाली, एलिझाबेथने फाशी दिलं ते बहुतेक राजद्रोहाच्या. आरोपाचं नाव बदललं म्हणून मरणाराच्या मनातली गोष्ट बदलत नाही, असं मला वाटतं. पण ते माझं मत, कादंबरीने ते वाचकावर लादायचं नाही. दोन्ही शब्द निवेदनातून काढले आणि पात्रांच्या तोंडी ठेवले. मग त्या जागी काय? मी 'हुतात्मा' सुचवलं. दोघांनी एकदमच नकारार्थी मान हलवली, आणि एकदमच म्हणाले, "रक्तसाक्षी." श्रद्धेसाठी जीव देऊन साक्ष देणारा. बाईंनी तो शब्द लहानपणी वाचलेला, सरांनी वसईच्या संत गोन्सालो गार्सियांच्या सणाला ऐकलेला. सकाळपासून मिस्सा की प्रभूभोजन, स्नानसंस्कार की बाप्तिस्मा, एका शब्दावर त्यांचं जमलं नव्हतं. आम्ही नंतर तो शब्द कादंबरीत दोन्हींकडे वापरला, आजोबांसाठीही आणि मार्गारेटसाठीही.

जेवण डब्यातलंच झालं. सर फादर स्टीफन्सबद्दल बोलत राहिले. 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचणारा हा माणूस मूळचा इंग्रज. इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून जगणं अवघड झालं होतं त्या काळातला. रोमला जाऊन जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य, झाला आणि 1579 मध्ये गोव्याला उतरला. एडमंड कॅम्पियन हाही इंग्रज जेझुइट. त्याला पुढच्याच वर्षी मायदेशी पाठवलं, आणि 1 डिसेंबर 1581 ला लंडनच्या टायबर्नला त्याला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे केले. स्टीफन्सला गोव्याऐवजी घरी पाठवलं असतं तर, असं म्हणून सर थांबले. मी इतकी वर्षं ते नाव फक्त मराठीच्या कौतुकाशी जोडत आले होते.

शेवटचं प्रकरण उरलं होतं, 25 मार्च 1586 चं. मार्गारेटने कोर्टात 'गुन्हेगार' किंवा 'निर्दोष', काहीच म्हणायचं नाकारलं. तिने तोंड उघडलं असतं तर खटला चालला असता आणि तिच्या मुलांना साक्षीला उभं केलं असतं, ते टाळायला ती गप्प राहिली असं मानतात. न बोलणाऱ्याला कायद्यात एकच शिक्षा होती, वजनाखाली चिरडणं. पाठीखाली टोकदार दगड, अंगावर फळी, फळीवर वजनं. रोमच्या नव्या पंचांगाप्रमाणे तो दिवस गुड फ्रायडेचा होता, इंग्लंडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे मात्र गुड फ्रायडेला अजून आठवडा होता.

बाईंचं बोट त्या ओळीवर थांबलं. "फळी नव्हे ना?"

मी पाहिलं. लेखिकेच्या टिपणात स्पष्ट होतं: तिच्या घराचं दार काढून आणलं होतं. फळी मीच केली होती. 'दार अंगावर ठेवलं' हे मराठीत विचित्र वाटतं, म्हणून.

"याच दारातून तिने त्या धर्मगुरूंना आत घेतलं," बाई म्हणाल्या. "दारच पाहिजे." आणि सरांकडे बघून, "नाही का हो सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला आणि होकारार्थी मान हलवली.

साडेसहाला छापखान्याचा फोन आला. शेवटचा फॉर्म थांबवा म्हणून सांगितलं, तर मुलगा वैतागला. प्लेट करायला घेतली होती. किती दुरुस्त्या आहेत म्हणाला. पान 304, ओळ नववी, म्हटलं, एक शब्द. 'फळी' खोडा, तिथे 'दार' लिहा. त्याने नीट ऐकलं का याची खात्री नव्हती, म्हणून मी परत म्हटलं, दार, घराचं असतं ते.