दोन ट्रॉल्या, एक इंजिन आणि बॅड पिगीजचा मॉड

भाचा सुट्टीला सांगलीत आलेला, त्यानं माझ्या लॅपटॉपवर बॅड पिगीज टाकून दिला आणि वर एक मॉडपण, म्हणजे गेममध्ये बाहेरच्या लोकांनी केलेला बदल. गेम रोव्हिओ कंपनीचा, २७ सप्टेंबर २०१२ ला आलेला, अँग्री बर्ड्समधलीच हिरवी डुकरं, पण इथं गलोल नाही, लाकडाच्या-लोखंडाच्या चौकटी, चाकं, इंजिन, पंखा, फुगे असलं सामान जोडून गाडी बांधायची आणि डुकराला शेवटापर्यंत पोचवायचं. तेव्हा मोबाईलवर लई खेळलोय मी हा.

मूळ गेममध्ये सामान मोजून मिळतं आणि गाडी बांधायची जागापण ठराविक चौकोनांचीच. फॅन लोकांनी बनवलेल्या या मॉडनं दोन्ही उघडं केलंय, पाहिजे तेवढं सामान, पाहिजे तेवढी लांब गाडी. मग मी पहिलं काय बांधणार, उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या! हंगामात आमच्या रस्त्यावर दुसरं दिसतं काय.

ट्रॉल्या स्प्रिंगनं जोडल्या, ऊस म्हणून वर लोखंडी चौकटी रचल्या, गाडी चढाला लागली आणि पुढची चाकं उचलली की हो, अगदी कारखान्याच्या वाटेवर उचलतात तशीच. भाचा म्हणाला, "मामा, तोंडावर वजन टाक की." टाकलं, तर चाकं टेकली पण गाडीच चढंना. मग वजन काढलं आणि ट्रॉली जोडलेली स्प्रिंग एक घर खाली घेतली, चाकांच्या रांगेत, बास, चाकं जमिनीवर. ओढ वरून बसली की तोंड उचलतं, हे ट्रॅक्टरवाल्या कुणालाबी माहीत असतंय, पण ते एका चौकोनाच्या फरकानं डोळ्यासमोर झालेलं बघून मी खरंच खूश झालो.

मग हाव सुटली, आठ ट्रॉल्या लावल्या. लॅपटॉप गुरगुरायला लागला आणि गाडी रबरासारखी लोंबायला लागली. गेम युनिटी नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनलेला, तिथं प्रत्येक सांध्याचा हिशोब मूळ सेटिंगला दर ०.०२ सेकंदाला, म्हणजे सेकंदाला ५० वेळा होतो, सांधे वाढले की हिशोब वाढतो आणि लांब साखळीत ताण नीट पोचत नाही.

मॉड करणारी पोरं गेमची असेंब्ली-सीशार्प नावाची डीएलएल फाईल, म्हणजे गेमचा कोड असतो ती, डीएनस्पायसारख्या टूलमध्ये उघडतात, त्यातला कोड वाचतात, आकडे बदलतात, नवीन पार्ट घालतात. दुसऱ्याचा गेम उघडून समजून घ्यायचा आणि तो न मोडता वाढवायचा, याला डोकं लागतं, मला या लोकांचं लई कौतुक आहे. तुम्ही टाकणार असाल तर आधी मूळ फाईलची कॉपी बाजूला ठेवा आणि कुठूनही मिळालेली डीएलएल टाकू नका, तो शेवटी अनोळखी माणसाचा प्रोग्रॅमच असतो.

एक मात्र सांगतो, सगळं अमर्याद मिळालं की दोन दिवसात मन भरतं. मॉडनं जागा मोठी द्यावी आणि सामान तरीपण मोजून द्यावं, तेव्हा खरी मजा.

भाचा जाताना अट घालून गेलाय, इंजिन एकच, ट्रॉल्या दोन, आणि चढ पार. अजून जमलेलं नाही, मागची ट्रॉली टोकाला गेली की पाठीवर पडती. आज जेवण झाल्यावर तिचं मागचं चाक एक घर मागं घेऊन बघतो.