एकोणीस नंबरचा नमुना

ऑक्टोबरातला सोमवार होता. पेपरची प्रूफं परत पाठवायला दोन दिवस उरले होते. माझी पीएचडीची विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन केबिनच्या दारात उभी राहिली आणि तो उघडायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, एकोणीस नंबरचं लेबल चुकलेलं नव्हतं."

एकोणीस नंबर कुठला, हेच मला पटकन आठवेना. याचं आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

सह्याद्रीतल्या एका लहानशा, झुडपांतून सहसा बाहेर न येणाऱ्या पक्ष्याचा वंशवृक्ष आम्ही मांडत होतो. पक्ष्याचं नाव मुद्दाम देत नाही. या कामातली माणसं इतकी थोडी आहेत की नावावरून मुलगी ओळखू येईल. प्रश्न जुनाच होता: पालघाटच्या खिंडीने या पक्ष्याची उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची वस्ती एकमेकींपासून तोडली आहे का? तीस-चाळीस किलोमीटरची ती सखल, उष्ण पट्टी माथ्यावरच्या थंड रानातल्या पाखराला समुद्रासारखी असते. शोला जंगलातल्या, म्हणजे माथ्यावरच्या त्या थंड रानातल्या, काही पक्ष्यांत तिथे खरोखरच मोठी फारकत सापडली आहे. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी शोलिकोला आणि माँटेसिंक्ला असे दोन नवे जीनसच (जातींच्या वरचा गट) मांडले गेले. त्यामुळे आमच्या झाडावरही दोन फांद्या फुटलेल्या दिसल्या, तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. सायटोक्रोम बी या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या जनुकात जवळपास ६ टक्के फरक होता. दहा लाख वर्षांना साधारण २ टक्के हा पक्ष्यांसाठीचा ढोबळ दर लावला की तीसेक लाख वर्षं निघतात. फांदी किती भक्कम आहे ते सांगणारा बूटस्ट्रॅपचा आकडा शंभरपैकी १००. असं झाड आयुष्यात एक-दोनदा मिळतं.

त्यासाठी दोन राज्यांच्या वनखात्यांच्या परवानग्यांत चौदा महिने गेले होते. पहाटे जाळी लावायची, दर वीस मिनिटांनी फेरी मारायची, पंखाखालच्या शिरेतून केशनळीत दोन थेंब रक्त घ्यायचं आणि पाखरू सोडून द्यायचं. एकच पाखरू आमच्या हातून गेलं, दक्षिणेकडचं. माझी विद्यार्थिनी त्या दिवशी जेवली नव्हती. त्या पाखराच्या छातीचा स्नायू तिने अल्कोहोलमध्ये घातला आणि कुपीवर १९ लिहिलं.

झाडावर हा एकोणीस उत्तरेच्या फांदीवर जाऊन बसला. लॅब मीटिंगमध्ये मी म्हणाले, "लेबल चुकलं असेल, काढून टाक." तिने काढला. झाड स्वच्छ दिसू लागलं.

आता बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा छोटा, गोल डीएनए असतो. उत्क्रांतीच्या ओघात त्याचे तुकडे अधूनमधून केंद्रकातल्या गुणसूत्रांत शिरतात आणि तिथे मृत प्रती म्हणून पडून राहतात. १९९४ मध्ये घरगुती मांजरात असा सुमारे ७,९०० अक्षरांचा तुकडा सापडला, एकापाठोपाठ कित्येकदा गिरवलेला, आणि अशा प्रतींना 'नम्ट' हे नाव पडलं. केंद्रकात बदल मंद गतीने होतात. त्यामुळे नम्ट म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या जुन्या रूपाचा गोठलेला ठसा. झाडावर तो वेगळ्या प्राचीन फांदीसारखा दिसतो. आणि पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत आपल्यासारखं नसतं, केंद्रक शाबूत असतं, मायटोकॉन्ड्रिया मात्र फार थोडे. म्हणजे पक्ष्याच्या रक्ताची नळी केंद्रकाच्या डीएनएने भरलेली असते, स्नायूत मायटोकॉन्ड्रियाच मायटोकॉन्ड्रिया. हव्या त्या जनुकाला चिकटून त्याच्या प्रती काढायला लावणारा डीएनएचा छोटा तुकडा म्हणजे प्रायमर; तो चुकीच्या प्रतीवर बसायचा धोका रक्तात जास्त.

आमचे उत्तरेकडचे नमुने बहुतेक जुन्या साठ्यातले, काचेवर आपटून किंवा रस्त्यावर मेलेल्या पाखरांचे स्नायू होते. दक्षिणेकडचं सगळं रक्त होतं, एकोणीस सोडून. आमच्या झाडाने खिंड दाखवलीच नव्हती. त्याने स्नायू आणि रक्त वेगळे केले होते.

हे तिने ज्या रीतीने सिद्ध केलं, ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तिने दक्षिणेकडच्या रक्ताचे सगळे कच्चे क्रोमॅटोग्राम, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणाऱ्या यंत्राचे शिखरांचे आलेख, उघडले. सॉफ्टवेअर उंच शिखर उचलतं आणि अक्षर लिहून मोकळं होतं. खालच्या बुटक्या शिखराला आम्ही सगळेच 'बॅकग्राउंड' म्हणतो. उत्तर-दक्षिण फरकाची १८ ठिकाणं होती. त्या अठराही ठिकाणी उंच शिखराखाली एक बुटकं शिखर होतं. तिने ती बुटकी शिखरं एकेक करून कागदावर उतरवली. जो सिक्वेन्स निघाला तो अक्षरशः उत्तरेकडचा, आणि एकोणिसाचा. खरा मायटोकॉन्ड्रिया सगळा वेळ तिथेच होता, मृत प्रतीच्या सावलीत. वीस वर्षांच्या कामात इतका देखणा पुरावा मी क्वचितच पाहिला आहे.

खुणा आधीही होत्या. दक्षिणेकडची पाखरं एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळत होती. आम्ही त्याला लहान वस्तीचा पुरावा म्हटलं. इतर पक्ष्यांत कायम राहिलेलं एक अमिनो आम्ल त्यांच्यात बदललं होतं. आम्ही उंचीशी जुळवून घेण्याबद्दल अर्धं वाक्य लिहिलं. 'स्टॉप कोडॉन (मृत प्रतीत जनुकाच्या मध्येच येऊ शकणारी 'थांबा'ची खूण) आढळले नाहीत' हेही अभिमानाने लिहिलं; ३०० अक्षरांच्या तुकड्यात ते नसणं फारसं काही सांगत नाही, हे मला माहीत होतं. तीन परीक्षकांपैकी एकानेही क्रोमॅटोग्राम मागितले नाहीत. आणखी संदर्भ जोडा, असं मात्र तिघांनीही लिहिलं.

मी विचारलं, "हे तुला कधी दिसलं?"

"मे महिन्यात."

मार्चमध्ये पेपर पाठवला होता. त्यानंतर तिने एकोणीस नंबरमधून डीएनए पुन्हा काढला, तीनदा, रविवारी, लॅबमध्ये कुणी नसताना.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काढून टाक म्हणाला होतात. आणि जानेवारीत फेलोशिप संपतेय."

यूजीसीने २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापून येण्याची सक्ती काढली, पण आमच्याकडे ती चालूच आहे. एका मुलीची पाच वर्षं एका पेपरवर टांगून ठेवायची आणि वर तिने खरं बोलावं अशी अपेक्षा करायची, ही क्रूर व्यवस्था आहे. पण ती माझ्यापुढे गप्प राहिली. व्यवस्थेपुढे नव्हे, माझ्यापुढे. हे मला कुणावर ढकलता येत नाही.

त्याच रात्री संपादकांना पत्र लिहून पेपर मागे घेतला. एका ज्येष्ठ सहलेखकांचा फोन आला: प्रूफं आल्यावर कुणी मागे घेतं का, पुढच्या पेपरात दुरुस्ती करता आली असती. हे मत मला आजही मान्य नाही आणि त्यांच्याबद्दलचा आदर त्या फोननंतर पूर्वीसारखा राहिलेला नाही. नंतर पाच आठवडे खपून तिने लाँग पीसीआरने (डीएनएच्या लांब तुकड्यांच्या प्रती काढायची पद्धत) पूर्ण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए दोन मोठ्या तुकड्यांत वाढवला, रक्तातूनही. नम्ट आखूड असल्यामुळे तो या जाळ्यात येत नाही. दोन वस्त्यांतला खरा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी निघाला. या पाखराने खिंड कशी ओलांडली, हा आता नवा प्रश्न आहे, आणि माझ्या मते जुन्यापेक्षा चांगला.

दर ऑगस्टमध्ये मी एमएस्सीच्या वर्गाला १९९४ ची डायनोसॉरची गोष्ट शिकवते. युटामधल्या ८ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडातून सायटोक्रोम बी मिळाल्याचं तेव्हा जाहीर झालं होतं; पुढच्याच वर्षी दाखवलं गेलं की ती माणसाच्या केंद्रकातली नम्ट आहे. यंदा ती माझी टीचिंग असिस्टंट होती, मागच्या बाकावर हजेरी घेत होती. तास संपल्यावर तिने विचारलं होतं, "मॅडम, त्यांच्या लॅबमधल्या कुणालाच शंका आली नसेल का?" मला मीटिंगला जायचं होतं. नंतर बोलू, म्हणाले, आणि बोललेच नाही.

तिच्या मुदतवाढीच्या अर्जात 'विलंबाचे कारण' असा रकाना आहे. 'मार्गदर्शकाने योग्य नमुना विश्लेषणातून वगळला' असं मी त्यात लिहिलं. कारण विद्यार्थ्याशी संबंधित हवं, असा शेरा मारून कार्यालयाने अर्ज दोनदा परत पाठवला. आज सकाळी मी तोच मजकूर पुन्हा लिहून, सही करून, स्वतः नेऊन दिला.