तुम्ही विचारलंत म्हणून: चंद्राचं ते प्रकरण

लग्नाच्या पंगतीत, केळीच्या गाडीवर घड चढत असताना, रात्रीच्या लाईटची वाट बघत डीपीपाशी बसलेलो असताना कुणीतरी विचारतंच, "भाऊ, चंद्र म्हणजे परग्रहावरच्यांचं यान आहे, असं तुम्ही अजून मानता का?" हसू आधीच ओठावर आलेलं असतं. चोपड्याकडच्या ओळखीच्या लोकांना ते जुनं प्रकरण ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

नाही मानत. पण मानत होतो तेव्हाही माझं डोकं ठिकाणावर होतं, हे मी सांगतच राहणार.

रद्दीतल्या एका मासिकात मी ते वाचलं. वासिन आणि श्चेर्बाकोव या दोन सोव्हिएत लेखकांनी जुलै १९७० मध्ये 'स्पुतनिक' मासिकात मांडलं होतं की चंद्र आतून पोकळ, धातूच्या कवचाचा आहे आणि कुणीतरी तो पृथ्वीभोवती आणून सोडलाय. एवढंच असतं तर विसरलो असतो. पण त्यासोबत एक गोष्ट होती, आणि ती खरी आहे. २० नोव्हेंबर १९६९ ला अपोलो १२ च्या यानाचा काम संपलेला भाग मुद्दाम चंद्रावर आदळवला, तेव्हा तिथं ठेवलेल्या कंपनमापकावर थरथर जवळजवळ तासभर चालली. अपोलो १३ च्या रॉकेटचा टप्पा आदळला तेव्हा तर तीन तासांच्या वर. आत भरीव असेल तर इतका वेळ वाजेल कसा?

एका संकष्टीला माय ओट्यावर चंद्राची वाट बघत होती. मी म्हणालो, "माय, तू अर्घ्य देतेस ते यान निघालं तर?" ती म्हणाली, "निघू दे. आधी उगवू तर दे त्याला." तिच्यापुरतं ते तिथंच संपलं. आप्पा आत जेवायला बसले होते. त्यांनी ताट सरकवलं.

चार दिवसांत त्यांनी मला एसटीनं जळगावला नेलं. कुठं चाललोय ते सांगितलं नाही. तापीचा पूल आला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, "काम शे." पाटी वाचली तेव्हा कळलं, मनाच्या आजारांचा दवाखाना. आप्पा पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि डॉक्टरांना म्हणाले, "हाऊ काय म्हनस ते तुमीच ईचारा." डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली. मग विचारलं, "कानात काही आवाज येतात का?" मी म्हणालो, "मला नाही, चंद्रावरच्या यंत्राला आला होता." त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला अजून सहन होत नाही. मी अपोलो १२ सांगत होतो, तारीख सांगत होतो, आणि जितकं नीट सांगत होतो तितका त्या खोलीत मी जास्त आजारी ठरत होतो. गोळ्या लिहून दिल्या. चंद्र का वाजला, ते तिथं कुणीच विचारलं नाही. गावात मात्र बातमी आमच्या आधी पोचली, आणि एक ठरत आलेली सोयरीक मोडली.

गोळ्यांनी माझं मत बदललं असं लोकांना वाटतं. ते बदललं उत्तर मिळाल्यावर, पुष्कळ वर्षांनी. चंद्राच्या खडकात पाणी जवळजवळ नाहीच, आणि वरचा थर आघातांनी पार भेगाळलेला आहे. वाळलेलं लाकूड ठोकलं की खणखणतं, ओलं मुकं राहतं, तसं. कंपनं विरत नाहीत, भेगांमध्ये विखुरत राहतात. आणि चंद्राचा एक आकडा: ०.३९३. गोळ्याचं वजन आत कसं विभागलंय ते हा आकडा सांगतो. एकसारख्या भरीव गोळ्याला ०.४ येतो, पातळ पोकळ कवचाला ०.६७. हे कळलं त्या रात्री बागेला पाणी भरत होतो, मोटर बंद करायचं भान राहिलं नाही. दवाखान्यात कुणी एवढं सांगितलं असतं तर!

पण त्या वेळचा मी अजून गप्प बसत नाही. तो म्हणतो, सूर्य चंद्राच्या चारशे पट मोठा आणि जवळजवळ चारशे पट लांब, म्हणून ग्रहणात एक दुसऱ्याला बरोबर झाकतो, हे कसं? मी म्हणतो, चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर चाललाय, हा मेळ कायमचा नाही. तो म्हणतो, मग नेमके आपण असतानाच का? योगायोग, असं मी म्हणतो, आणि म्हणताना माझंच समाधान होत नाही.

आता भाच्यानं कुठलासा व्हिडिओ पाहिलाय. बहीण म्हणाली, "तूच समजाव, दादा." मी तिला आधी कबूल करून घेतलं की त्याला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं नाही. मग त्याला ०.३९३ सांगितला. तो म्हणाला, "मामा, मोजणारे तेच ना, अपोलो यान पाठवणारे?" प्रश्न चांगला आहे. चंद्रावर लेझर परतवणारे आरसे अमेरिकनांनी ठेवले तसे सोव्हिएत लुनोखोद गाड्यांवरही आहेत, आणि या आकड्याच्या मोजमापात दोन्ही वापरतात, असं मी त्याला सांगितलं. त्याला ते पुरलं नाही. रविवारी पुन्हा येणार आहे.