वाड्यातली मांजर आणि फ्लॅटमधली मांजर

मी राहते त्या म्युनिकमध्ये बहुतेक लोक भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि कुत्री-मांजरंही त्यांच्यासोबत तिथेच. घरमालकाने करारात ‘कुत्रं-मांजर पाळायचं नाही’ असं सरसकट लिहिलं तर ते चालत नाही, हे जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय. पण परवानगी मिळाली की सुटलो, असं मात्र नाही. कुत्र्याला मोकळ्या हवेत पुरेसं फिरवायलाच हवं, असा नियम आहे. बाहेर बर्फ पडत असला तरी आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी निघतात. कुत्रा एकेका झुडपापाशी थांबून वास घेत बसतो, आणि त्या पट्टा ढिला सोडून निवांत उभ्या राहतात. दिवसभर घरात कोंडलेल्या कुत्र्याला पायांइतकाच नाकालाही व्यायाम लागतो. मला हे फार पटलं.

सांगलीत विश्रामबागेला भावाच्या फ्लॅटमध्ये आता मांजरीचं पिल्लू आलंय. भाचीचा रोज फोन असतो, “आत्या, हिला काय काय द्यायचं गं?”

आमच्या गावभागातल्या जुन्या घरी मांजर दूध-चपातीवर जगते, असं सगळ्या गल्लीला वाटायचं. खरं तर ती जगायची माळ्यावरच्या उंदरांवर आणि पालींवर. मांजर पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचा एक घटक तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो खाण्यातूनच मिळावा लागतो. तो नाही मिळाला तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूधही पचत नाही. चौथ्या मजल्यावर उंदीर कुठून येणार? तिथे आपण वाटीत घालू तेवढंच तिचं अन्न. वहिनीच्या स्वयंपाकघरात मटण-मासे शिजत नाहीत, म्हणून मांजरांसाठीचं तयार कोरडं खाणं आणायचं ठरलं. त्यात टॉरिन घातलेलं असतं. डबा बाल्कनीत ठेवायचा, एवढी एकच अट वहिनीने घातली. माझ्या मते अट अगदी रास्त आहे.

खिडक्यांचं मी भावाच्या मागेच लागले. इथल्या म्युनिकच्या खिडक्या वरच्या बाजूने आत कलतात. त्या फटीतून बाहेर जाऊ पाहणारी मांजर खाली घसरून अडकते आणि मागच्या पायांतलं बळ कायमचं जाऊ शकतं, म्हणून लोक फटीला जाळ्या लावतात. आपल्याकडे धोका बाल्कनीचा. ग्रिलच्या गजांतून पिल्लू सहज बाहेर जातं, आणि कबुतर दिसलं की मांजरीला मजला आठवत नाही. कबुतरांची जाळी बसवणाऱ्यालाच बोलावून भावाने सगळं बंद करून घेतलं. बसायला कपाटावर जागा करून दिली आहे. मांजरीला लांबीपेक्षा उंची प्यारी. फुलदाणीत लिली मात्र नको. तिचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजरीची किडनी निकामी होऊ शकते.

सोसायटीत कुणी कुरकुर केलीच, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, अगदी बहुमतानेसुद्धा.

भाचीला पुढच्या वर्षी कुत्राही हवाय. भाऊ-वहिनी दोघंही सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला येणार असतील, तर नको, असं मी तिला स्पष्ट सांगितलंय. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारचा डांबरी रस्ता पंजे भाजतो. म्हणजे फिरवणं पहाटे आणि दिवस मावळल्यावरच. ते रोज कोण करणार, याचं उत्तर आधी द्या आणि मगच पिल्लू बघायला जा.