चांदीच्या भावानं नको

लिलावगृहाकडे पाठवायच्या जुन्या नाण्यांच्या याद्या करून देणं हे माझं काम. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी बोलावलं, तेव्हा पुण्याहून आलेला मुलगा म्हणत होता, "गुजरीतल्या सराफाकडे नेऊन चांदीच्या भावानं मोडून टाकूया की."

सरांचं प्रत्येक नाणं कागदी पाकिटात होतं. पाकिटावर शाईनं साल, वजन आणि ते कुणाकडून घेतलं त्याचं नाव. अशी नोंद असली की बोली लावणाऱ्याचा विश्वास बसतो. मुलानं हौसेनं आणलेल्या प्लास्टिकच्या अल्बममधल्या नाण्यांवर मात्र हिरवट चिकटा धरला होता.

"चिंच लावून घासू काय?" काकूंनी विचारलं.

मी ओरडलोच. घासलेलं नाणं जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही, आणि भाव पडतो तो पडतोच.

भिंगाखाली १९११ चा रुपया धरला. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, सरकारनं नाणं मागं घेतलं आणि १९१२ पासून हत्तीची सोंड सुधारली. हा एकटाच वेगळ्या बोलीला, म्हणजे स्वतंत्र लॉट म्हणून जायचा. पाठोपाठ १९३९ चा रुपया निघाला, तो तर फारच दुर्मीळ, म्हणून बनावटही भरपूर. वजन ११.६६ ग्रॅम हवं, काट्यावर ११.२ भरलं. कडेच्या रेघाही बोथट. पाकीट उलटंपालटं करून बघितलं, विकणाऱ्याचं नाव नव्हतं. सरांनी न बोलता तो बाजूला ठेवला.

खरी ओढाताण झाली ती शिवराई नाण्यांवरून. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', असा तांब्याच्या नाण्यांनी भरलेला डबाच होता. सरांना अख्खा संग्रह एकत्रच विकायचा होता. मी म्हटलं, "सर, एकगठ्ठा घेणारा व्यापारीच असतो, तो स्वतःचा नफा धरूनच बोली लावणार." शेवटी अक्षरं स्वच्छ उठलेल्या शिवराया सुट्या आणि झिजलेल्या एकत्र, असं ठरलं. लंडनला पाठवायचं मुलाचं स्वप्न १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं मोडलं. शंभर वर्षांपुढची नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. कराचं काय, ते सीएंना विचारा म्हटलं.

मग करारनामा. कमिशन आणि किमान राखीव किंमत यांवर मुलगा भांडत होता. सरांनी लाल पेन काढून शेवटचं पान वाचलं. "न विकलेली नाणी परत पाठवायचा खर्च आणि विमा कुणाचा?"

हे करारात कुठंच नव्हतं. मी तिथूनच फोन लावला. नाही-हो करत लिलावगृहानं खर्च मान्य केला.

"तोंडी नको," सर म्हणाले, "त्यांना मेल करायला सांगा. सही उद्या."