मलावीतल्या गावदवाखान्याची औषधपेटी भरलेली ठेवताना : माझा अनुभव

आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेला, शिरे नदीच्या खालच्या खोऱ्यात, चिक्वावा आणि न्सांजे या जिल्ह्यांत, एखादी लहान धर्मादाय संस्था गावातल्या मुलांच्या उपचारासाठी काम सुरू करते, तेव्हा पहिला विचार प्रशिक्षणाचा आणि औषधखरेदीचा होतो. हे दोन्ही पैशानं होतं. खरी परीक्षा असते ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात औषधपेटी रिकामी होऊ न देण्याची. पेटी दोनदा रिकामी दिसली की आया लेकराला घेऊन यायच्या थांबतात आणि मग दवाखान्याला फक्त पाटी उरते. म्हणून इथे पेटीबद्दलच जास्त लिहितो आहे.

आधी रचना. मलावीत गावपातळीवर पगारी सरकारी आरोग्यसेवक असतात, हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट. सगळे त्यांना ‘एचएसए’ म्हणतात. साधारण हजार लोकांमागे एक असावा असं धोरण आहे, प्रत्यक्षात एकाकडे त्याहून खूप जास्त लोक असतात. आरोग्य केंद्रापासून 8 किलोमीटरपेक्षा लांबच्या वस्त्यांत हेच एचएसए 2008 पासून ‘व्हिलेज क्लिनिक’ चालवतात आणि 2 महिने ते 5 वर्षांच्या मुलांचा हिवताप, न्यूमोनिया आणि जुलाब यांवर उपचार करतात. संस्थेनं स्वतःचे वेगळे कार्यकर्ते नेमू नयेत, याच माणसांच्या हाताला बळ द्यावं, हे माझं ठाम मत आहे. वेगळी फळी उभी केली की देणगी संपते त्या दिवशी तीही संपते.

परवानगीचा क्रम पाळावा लागतो. पहिल्यांदा जिल्हा आरोग्य कार्यालय. आपलं काम जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात लिहून घ्यायचं. मग आरोग्य केंद्राचे प्रमुख, मग पारंपरिक प्रमुख, त्यानंतर गावसमूहाचे आणि शेवटी गावचे म्फुमू, म्हणजे मुखिया. थेट गावात गेलात तर लोक आदरानं वागतील, पण जागा आणि माणसं मिळणार नाहीत. औषधं परदेशातून खोक्यात भरून आणू नयेत. आयातीला औषध नियामक प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि दान म्हणून आलेल्या औषधांची मुदत अनेकदा संपत आलेली असते. मुलांच्या मात्रेची पाकिटं नसली तर एचएसएला मोठ्यांच्या गोळ्या मोडून द्याव्या लागतात. देशातल्या नोंदणीकृत पुरवठादाराकडून घ्या आणि जिल्ह्याच्या औषध भांडारात जमा करून तिथूनच खाली पाठवा. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक गोळी सरकारी नोंदीत येते.

प्रशिक्षण 6 दिवसांचं असतं. त्यातला सगळ्यात अवघड भाग श्वास मोजण्याचा. 2 ते 11 महिन्यांच्या बाळाचे मिनिटाला 50 किंवा जास्त, 12 ते 59 महिन्यांच्या मुलाचे 40 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद, आणि ती न्यूमोनियाची खूण. मूल शांत हवं. रडत किंवा दूध पीत असताना मोजलं तर आकडा चुकतो. अंगरखा वर करून पोटाकडे बघायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. युनिसेफचं जे लहान घड्याळ मिळतं ते दर सेकंदाला टिकटिक करतं आणि 30 व 60 सेकंदांना वाजतं. नवीन माणूस नकळत श्वासाऐवजी टिकटिकच मोजू लागतो. यावर मणी सरकवण्याची पद्धत चांगली. (गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी मण्यांचं असं साधन अंक न येणाऱ्या दाईंसाठी केलं होतं. आपल्याकडच्या वाचकाला ते ओळखीचं वाटेल.)

मात्रा अशा. जलद श्वास असेल तर पाण्यात विरघळणारी 250 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन: वर्षाखालच्या बाळाला 1 गोळी, त्यावरच्याला 2, दिवसातून दोनदा, 5 दिवस, म्हणजे 10 किंवा 20 गोळ्या. जुलाबाला जलसंजीवनीचं एक पाकीट एक लिटर पाण्यात आणि 20 मिलिग्रॅम झिंक 10 दिवस. सहा महिन्यांखाली झिंकची अर्धी गोळी. हिवतापाची तपासणी पॉझिटिव्ह आली तर आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन: 5 ते 15 किलोखालच्या मुलाला 1 गोळी, 15 ते 25 किलोखालच्याला 2, दिवसातून दोनदा, 3 दिवस. पहिला डोस आपल्यासमोर, दुसरा 8 तासांनी, पुढचे 12-12 तासांनी, काही खाऊन किंवा दूध पिऊन. अर्ध्या तासात उलटी झाली तर तोच डोस पुन्हा द्यायचा. त्यामुळे शिलकीत चार पाकिटं वरकड ठेवावीच लागतात, नाहीतर महिनाअखेर हिशेब जुळत नाही आणि उगाच एचएसएवर संशय येतो.

हिवतापाच्या रक्ततपासणीच्या किटचं पाकीट वापराच्या क्षणीच फोडायचं. दमट हवेत दहा मिनिटं उघडं राहिलेलं किट बिघडू शकतं. थेंब त्याच खोक्यातल्या द्रावाचे, छापील संख्येनुसार. दुसऱ्या कंपनीचा द्राव चालत नाही. निकाल छापील वेळेलाच वाचायचा. बाहेर रांग असली की लवकर वाचण्याचा मोह होतो आणि फिकट रेघ उमटायच्या आत किट टाकून दिलं जातं. किट नीट चाललं हे दाखवणारी नियंत्रण रेघ आली नाही तर निकाल निगेटिव्ह नव्हे, किट बाद. उपचारानंतरही काही आठवडे ही तपासणी पॉझिटिव्ह येत राहते, म्हणून नुकतंच औषध घेतलेलं मूल पुन्हा तापानं आलं तर त्याला केंद्रावर पाठवायचं.

इथे भाषेची एक अडचण आहे. चिचेवा या इथल्या भाषेत ‘मालुंगो’ हा शब्द हिवतापासाठी आणि साध्या तापासाठीही वापरतात. ‘मालुंगो नाही’ असं सांगितलं की तापानं फणफणलेलं लेकरू मांडीवर असलेल्या आईला ते खोटं वाटतं. ‘रक्तात डासाचा आजार नाही, दुसरं कारण शोधू’ असं म्हणून लगेच श्वास मोजायला घ्यावा. निगेटिव्ह मुलांना हिवतापाचं औषध दिलं जातं ते बहुतेक या एका वाक्याच्या अभावी, आणि पाकिटं वेळेआधी संपतात तीही त्यामुळेच.

आता पेटीचा हिशेब. साधा नियम: मागवायचं प्रमाण म्हणजे महिन्याच्या वापराची दुप्पट वजा हातातली शिल्लक. मलावीत ‘सीस्टॉक’ ही व्यवस्था आहे. एचएसए मोबाईलवरून शिल्लक कळवतात आणि किती द्यायचं ते आरोग्य केंद्राला कळतं. पण या नियमात एक सापळा आहे. समजा, महिन्यात 12 दिवस औषध होतं, 18 दिवस पेटी रिकामी. त्या 12 दिवसांत 24 पाकिटं गेली. नोंदीत वापर 24, म्हणून मागणी 48. पण खरी गरज रोज 2, म्हणजे महिन्याला 60. आलेली 48 पाकिटं 24 दिवसांत संपतात आणि पुढच्या महिन्याची सरासरीही खोटी निघते. रिकामी पेटी अशी स्वतःलाच रिकामी ठेवत जाते. उपाय म्हणजे वापराला औषध हातात असलेल्या दिवसांनी भागायचं आणि 30 नं गुणायचं. त्यासाठी साठापत्रावर ‘संपल्याची तारीख’ आणि ‘आल्याची तारीख’ असे दोन रकाने वाढवा. आम्ही केलेल्या बदलांपैकी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी हाच ठरला.

दुसरी गळती अंतराची. औषध आरोग्य केंद्रात पडून असतं आणि एचएसए 15 किलोमीटरवर. सायकल द्या, पण सोबत सुटे टायर, ट्यूब, पंक्चरचं सामान आणि दुरुस्तीचा निधी द्या. मासिक सभेच्या दिवशीच औषध वाटलं की वेगळी फेरी वाचते.

तिसरी, एचएसए गावात न राहण्याची. राहायला घर नसलं की माणूस बाजाराच्या गावात राहतो, दवाखाना आठवड्यातून दोन दिवस उघडतो आणि रात्रीच्या तापाला कोणी नसतं. इथे देणगीचा खरा उपयोग होतो: विटा, वाळू आणि श्रम गावाचे, सिमेंट, पत्रे, दार, कुलूप संस्थेचं. फक्त पत्र्याखाली ऑक्टोबरात पेटी तापते आणि औषधं साधारण 30 अंशांच्या आत ठेवायची असतात. म्हणून आतून छत घ्या, पेटी सावलीच्या भिंतीला, जमिनीपासून उंच ठेवा.

देखरेखीला महिन्यातून एकदा जाताना नोंदवही हातात घेऊन दोन गोष्टी बघतो. श्वासाचे आकडे 40, 50, 60 असेच गोल येत असतील तर मोजणी होत नाही, अंदाज लिहिला जातो आहे. आणि नोंदीतल्या मुलांना लागणाऱ्या गोळ्या व पेटीतली घट यांचा मेळ बसतो का. मेळ नसला तर आधी डोस मोजण्यात चूक आहे का पाहा. बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिनच्या 10 ऐवजी 20 गोळ्या गेलेल्या असतात. ओरडण्याआधी शेजारी बसून पाच मुलं एकत्र तपासा.

झटके, दूध किंवा पाणी न घेणं, सगळं उलटून पडणं, गुंगी, छाती आत ओढली जाणं, शौचात रक्त, दोन्ही पायांना सूज, दंडघेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी. यांतलं काहीही दिसलं की लगेच केंद्रावर पाठवायचं. हिवतापाच्या गंभीर लक्षणांत निघण्यापूर्वी गुदद्वारातून आर्टेसुनेट द्यायचं, पण पोहोचायची सोय असेल तरच त्याचा फायदा. सायकल-अँब्युलन्स कोरड्या दिवसांत चालते, चिखलात नाही. तिची किल्ली एकाच माणसाकडे नको. गाव आरोग्य समितीत दोघांकडे ठेवा.

पावसाचे महिने नोव्हेंबर ते एप्रिल, आणि हिवताप त्याच काळात चढतो. मार्च 2019 मध्ये इडाई, जानेवारी 2022 मध्ये ॲना, मार्च 2023 मध्ये फ्रेडी ही वादळं आली, तेव्हा या खोऱ्यातले रस्ते तुटले. म्हणून नदीपलीकडच्या दवाखान्यांत ऑक्टोबरअखेर दोन ऐवजी चार महिन्यांचा साठा पोहोचवतो: तपासणी किट, हिवतापाची दोन्ही आकारांची पाकिटं, अमॉक्सिसिलिन, झिंक, जलसंजीवनी. आधी मुदत संपणारं पुढे, नंतरचं मागे. वापरलेल्या सुयांची पेटी वेगळी. आणि साठापत्राच्या कोऱ्या प्रती सहा महिन्यांना पुरतील इतक्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून.