हळू ऐकायचं म्हणून ॲम्प्लिफायर

हेडफोनला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, हे सांगलीत चारचौघांत बोलायची सोय नाही. गणपती पेठेतल्या एका दुकानात विचारलं, तर तिथल्या पोरानं आधी कराओकेचा डबा दाखवला, मग गाडीत बसवायचा, आणि शेवटी ‘ब्लूटूथचं घ्या की साहेब, सगळं आतच असतंय’ म्हणत इअरबडचे दोन खोके काउंटरवर मांडले. त्याचं काही चुकत नव्हतं. बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं. माझं भागत नव्हतं, आणि त्याची कारणं घरातली होती.

आम्ही गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात आलं, त्यात खालच्या खोलीतला स्टिरिओ आणि स्पीकरच्या दोन्ही पेट्या गेल्या. पुन्हा घ्यायचं ते एका हातात धरून माडीवर नेता येईल एवढंच, हे तेव्हाच ठरलं. शिवाय माझं ऐकणं रात्री दहानंतरचं. एका बाजूला आई झोपलेली, दुसरीकडे पोराचा अभ्यास. आणि कानावर काही असलं तरी आईची हाक ऐकू यायलाच हवी, म्हणून बंद कपांचे हेडफोन बाद. उघड्या पाठीचे घेतले, बायरडायनॅमिकचे डीटी ९९० प्रो, २५० ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध). हेच हेडफोन कमी ओहममध्येही मिळतात, पण भाच्यानं पुण्यात हेच ऐकून पसंत केले होते.

लॅपटॉपला जोडले. आवाजाची पट्टी टोकाला नेली तरी जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं कुठल्यातरी तिसऱ्या खोलीत चालू असल्यासारखी.

‘मामा, त्यांना व्होल्टेज लागतं. तुमच्या लॅपटॉपमधून तेवढं निघत नसणार,’ असा भाच्याचा निरोप आला, आणि मागोमाग यंत्रांची लांबलचक यादी. प्रत्येकापुढे वॅट, नाहीतर मिलिवॅट. कुणाचे पाचशे, कुणाचे हजार, आणि बहुतेक आकडे ३२ ओहमवर मोजलेले. माझ्या २५० ओहमवर त्यातलं किती उतरतं, हे सांगायची कुणालाच फारशी घाई दिसली नाही.

मग वीजबिलाच्या कोऱ्या पाठीवर गणित मांडलं. कॉलेजात शिकलेलं तेवढ्यापुरतं पुरतं. कंपनी सांगते की या हेडफोनला १ मिलिवॅट दिला की ९६ डेसिबल आवाज निघतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम म्हणजे पॉवर. अर्धा व्होल्ट दिला तर पाव भागिले २५०, बरोबर १ मिलिवॅट, म्हणजे ९६ डेसिबल. १ व्होल्टला ४ मिलिवॅट आणि १०२ डेसिबल. २ व्होल्टला १६ मिलिवॅट आणि १०८. ४ व्होल्टला ६४ मिलिवॅट आणि ११४. व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डेसिबल वाढतात, एवढाच हिशेब.

हे आकडे अर्थात ध्वनिमुद्रणातल्या सर्वांत मोठ्या क्षणाचे, तेही आवाज पूर्ण सोडला तर. आलाप त्याच्या कितीतरी खाली असतो, आणि जुन्या मैफिलींच्या टेप मुळातच दबक्या भरलेल्या. त्यांचं शिखरसुद्धा दहा-बारा डेसिबल खाली सापडतं. म्हणून लॅपटॉपचा अर्धा-एक व्होल्ट कागदावर पुरेसा वाटतो आणि रात्री अपुरा पडतो. पण २ व्होल्ट मिळाले की माझ्यासारख्याला उदंड झालं. मोठ्या माणसांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी तर त्याच्याही खाली ऐकणारा. यादीतली निम्मी यंत्रं त्या बिलाच्या पाठीवरच खोडली गेली.

खणभागात एक काका रेडिओ दुरुस्त करतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, पण हात असा की बंद पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओही त्यांच्याकडे बोलायला लागतो. त्यांना यादी दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, ‘येवढी पावर घिऊन कानात फटाकं लावायचं हाय का काय?’ आणि दोन-तीन दिवसांत या म्हणाले. गेलो तेव्हा त्यांनी एका पत्र्याच्या डबीत ९ व्होल्टची बॅटरी, एक दुहेरी ऑप-ॲम्प (सिग्नल मोठा करणारी चिप) आणि मूठभर रेझिस्टर बसवून ठेवले होते. ही चू मॉय यांची जगभर गाजलेली मांडणी. गोळ्यांच्या डबीत मावते म्हणून हौशी मंडळी ती पुन्हा पुन्हा बनवत आली आहेत. काकांनी डबीला भोकं इतकी नेटकी पाडली होती की ती विकतच आणल्यासारखी दिसत होती.

डबी घरी आणून लावली. आवाज भरपूर, आणि स्वच्छ. पण घरात ती भरपूरपणे वापरायची कुठे होती? उघड्या पाठीच्या हेडफोनमधून जेवढा आवाज कानात जातो, त्यातला बराचसा बाहेरही सांडतो. पहिल्याच रात्री बायको म्हणाली, ‘अहो, ते काय कुजबुजतंय? झोप येईना.’ आवाज कमी केला. बटण सुरुवातीच्या टोकापासून जेमतेम दोन काटे पुढे. आणि तिथे तानपुरा डाव्या कानात जाऊन बसला. गायक मध्यापासून डावीकडे सरकलेला, तबला कुठेतरी तिसरीकडेच. बटण केसभर पुढे नेलं की सगळे आपापल्या जागी येतात, पण तोवर बायको पुन्हा जागी.

काकांना सांगितलं तर हसले. ‘आत दोन पट्ट्या असत्यात कार्बनच्या, एक डाव्याची, एक उजव्याची. पुढं जुळत्यात, पण सुरवातीला कधी जुळत न्हाईत.’ त्यांनी डबी उघडली आणि दोन रेझिस्टर दाखवले, १० किलोओहमचा आणि १ किलोओहमचा. या जोडीमुळे आलेला सिग्नल अकरापट होतो. त्यांनी १० चा काढला, जागी २ चा लावला. झाला तिप्पट. दुसऱ्या कानाकडेही तेच. सोल्डरिंग गनच्या धुरात पाचेक मिनिटांचं काम. घरी येऊन लावलं तर तेवढ्याच आवाजासाठी बटण आता बरंच पुढे जात होतं, आणि तानपुरा मधोमध.

त्या रात्रीपासून मी काय शोधतोय ते मला कळलं. विकणारे सगळे सांगतात की यंत्र किती जोरात वाजतं. मला हवं होतं ते किती हळू, आणि हळू वाजताना किती नीट, हे. भाच्याच्या यादीत त्यासाठी एकही रकाना नव्हता.

डबी काकांनी आपल्या नातवासाठी परत मागून घेतली. दिवाळीला भाचा आला तो स्वतःची तीन यंत्रं घेऊन. एक बोटाएवढी वायर, फोनच्या टाइप-सीमध्ये खुपसायची. एक बटण असलेला जाडजूड, बॅटरीवरचा. आणि एक काडेपेटीसारखा चपटा, खिशाला अडकवायचा, ब्लूटूथ आणि यूएसबी दोन्ही चालणारा, क्युडेलिक्स ५के नावाचा.

आता ऐकून निवडायचं म्हटलं तर एक अडचण असते. दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठं वाजतं ते आपल्याला चांगलं वाटतं, आणि ते मोठं आहे म्हणून चांगलं वाटतंय हे कळतही नाही. म्हणून काकांचा मल्टिमीटर आणला होता. २०० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावायचा, हेडफोन जोडलेले ठेवूनच तारांवरचं एसी व्होल्टेज मोजायचं आणि तिन्हींवर ते सारखं करायचं. साधे मल्टिमीटर चारशे हर्ट्झच्या वर भरवशाचे राहत नाहीत, म्हणून २००. मग पोराला बसवलं मागे, कुठलं यंत्र जोडलंय ते न सांगता बदलत राहायला.

ऐकायला घेतलं ते मिरजेचंच. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, पण त्यांच्या ७८ च्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात, तीन-तीन मिनिटांच्या. त्यातला खरखराट, त्यातून वर येणारा तो सूर. आणि दुसरं एक अलीकडचं ध्वनिमुद्रण, फक्त दोन तानपुरे. तानपुऱ्याबाबत आम्हा सांगलीकरांना फसवणं जरा अवघड. दहा किलोमीटरवर मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, तिथे जवारी लावताना कारागिराच्या शेजारी बसून ऐकलंय. तारेखालचा दोरा केसभर सरकला की झंकार कसा उमलतो, ते कानात आहे. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीतल्या कुणाला विचारलं तर ‘लाकूड किती महागलंय ते विचारा’ असं उत्तर येतं.)

आवाज सारखे केल्यावर तिन्ही यंत्रांतला फरक एवढा आटला की भाचा हिरमुसला. त्याच्या मते जाडजूडमध्ये ‘बॉडी’, म्हणजे आवाजाचा भरीवपणा, होती. पोरानं बदलून बदलून लावलं तेव्हा ती बॉडी त्याला दर वेळी वेगळ्याच यंत्रात सापडली. फरक राहिले ते दुसरेच, आणि ते ऐकायला तज्ज्ञ लागत नाही. टाइप-सीची वायर स्वच्छ वाजायची, पण जेमतेम १ व्होल्ट देणारी. दबक्या टेपा तिच्यावर दबक्याच राहिल्या. ३२ ओहमचे हेडफोन असते तर मी तीच घेतली असती आणि हे सगळं लिहायची वेळ आली नसती. जाडजूडला ताकद उदंड, पण बटणाच्या सुरुवातीला पुन्हा तानपुरा एका बाजूला.

आणि गूं. जाडजूड यंत्र लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून सिग्नल घेत होतं आणि त्याच लॅपटॉपच्या यूएसबीवर चार्जही होत होतं. लॅपटॉपला त्याचा स्वतःचा चार्जर लावला की कानात बारीक गूं सुरू. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, माझ्या आवाजात नाही. चार्जर काढला की बंद. यंत्राची यूएसबी वायर काढली तरी बंद, कारण मग दोघांतला जमिनीचा (ग्राउंडचा) दुहेरी रस्ता तुटतो. आमच्या जुन्या घरात प्लगला तिसरं भोक आहे, पण त्याच्यामागे अर्थिंगची वायर कुठेच जात नव्हती. लॅपटॉपच्या पत्र्यावरून उलटा हात फिरवला की मनगटाला झिणझिण्या यायच्या, त्याही यामुळेच. घरातल्या ऐकण्यासाठी बॅटरीवरचं यंत्र कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. याच्यासाठी.

चपट्या डबीत, म्हणजे क्युडेलिक्समध्ये, हे काहीच नव्हतं. ब्लूटूथवर असली की तिला कुठलीच वायर नाही, म्हणजे गूं यायला वाट नाही. आवाज आकड्यांत कमी-जास्त होतो, त्यामुळे अगदी खालीही डावं-उजवं सारखं. साध्या ३.५ मिमीच्या जॅकवर १ किंवा २ व्होल्ट निवडता येतात. मला २ लागतात. पोरगं त्याचे इअरफोन लावतं तेव्हा १ वर आणायचं. दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारा २.५ मिमीचा बॅलन्स्ड जॅकही आहे, तिथे दुप्पट मिळतं. पण माझ्या हेडफोनची वायर कायमची जोडलेली, तीन तारांची. बॅलन्स्डला चार लागतात. भाचा वायर कापून नवी लावू म्हणत होता, त्याला चहा देऊन गप्प केलं.

यंत्र मागवलं, दहा हजारांच्या आसपास पडलं. बाहेरून येणाऱ्या वस्तूचं कुरिअर, सीमाशुल्क, जीएसटी धरून हिशेब करावा, नाहीतर शेवटी आकडा फुगतो.

खरा फायदा मला नंतर कळला, तो त्याच्या ॲपमधल्या इक्वलायझरचा, म्हणजे खर्ज-तार वेगवेगळं कमी-जास्त करायच्या सोयीचा. आवाज लहान झाला की कानाला खर्ज सगळ्यांत आधी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी बेल लॅब्जमध्ये हे मोजून १९३३ साली छापलं, आणि जुन्या स्टिरिओवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं ते याच्यासाठीच. पेटीच्या काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. रात्रीच्या आवाजात तीच हरवते, उरतो नुसता वरचा झंकार. शंभर हर्ट्झच्या खाली चार डेसिबल चढवले आणि तार परत आली. उलट या हेडफोनचा आठ किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा प्रसिद्ध आहे. खाँसाहेबांच्या तबकडीवरचा खरखराट तिथे नेमका टोचायचा. तिथून पाच डेसिबल काढले. हे दोन बदल जाडजूड यंत्राच्या सगळ्या ताकदीपेक्षा जास्त ऐकू आले, असं भाच्यालाही मान्य करावं लागलं, फोनवर का होईना.

यंत्रासाठी जेवढे पैसे बाजूला काढले होते, त्यातले काही उरले. त्यातून वायरमनला बोलावून परसात अर्थिंग करून घेतलं, मीठ-कोळसा घालून, रीतसर. लॅपटॉपच्या झिणझिण्या गेल्या. गेल्या आठवड्यात भाचा पुन्हा त्याचं जाडजूड घेऊन आला होता, तेव्हा चार्जर लावून मुद्दाम पाहिलं: गूं पुष्कळ कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही.